गिरगाव ते दादर : पोट सांभाळून

पंचेचाळिशी-पन्नाशी ओलांडली की प्रवासाच्या पिशवीत कपड्यांच्या आधी गोळ्यांची पुडी जाते. त्यात आणखी एक गोष्ट मागे लागते. वर्षानुवर्षे प्यालेले दूध एके दिवशी पोटात गुडगुडू लागते. चपाती खाल्ली की पोट फुगते. कुणाला कोळंबी खाल्ली की अंगावर गांधी उठतात, कुणाला शेंगदाण्याचा कूट सोसत नाही. घरी हे सारे निभावते, कारण घरच्यांना ते ठाऊक असते. पंचाईत होते ती परगावी, आणि त्यातही पाहुण्यांच्या घरी.

आपल्या माणसांना मुंबईला यावेच लागते. कुणी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येतो. कुणी आजारी भावाला घेऊन केईएम किंवा टाटा रुग्णालयात येतो. कुणी लग्नाला, कुणी मुलीच्या कॉलेजच्या कामाला. या साऱ्यांची पावले गिरगाव, लालबाग, परळ आणि दादर याच पट्ट्यात पडतात. तेव्हा या पट्ट्यातून पोट सांभाळत कसे फिरावे, ते पाहू. पण त्याआधी एका शब्दाविषयी बोलले पाहिजे.

‘चालत नाही’ या शब्दाचे ओझे

“मला हे चालत नाही.” इतकेच सांगायचे असते. पण आपल्या घरांत हे शब्द तोंडातून सहज बाहेर पडत नाहीत, आणि ऐकणाऱ्यालाही ते टोचतात. त्याला कारण आहे. पिढ्यान् पिढ्या हे शब्द आपल्याला ऐकवले गेले. तुमच्या हातचे पाणी चालत नाही, तुमची भाकरी चालत नाही, तुमची सावलीही चालत नाही.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात आपल्या लहानपणीच्या एका प्रवासाची हकीकत सांगितली आहे. साल १९०१. सातार्‍याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली लहान मुले मसूर स्टेशनवर उतरली आणि पुढे बैलगाडीने निघाली. त्यांच्याजवळ खायला होते, पण प्यायला पाणी कुणी देईना. अन्न भरलेला डबा जवळ असूनही मुले उपाशीच झोपली. पुढे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जो लढा झाला, तो याच पाण्यासाठी.

आणि हे केवळ खेड्यातले नव्हते. ज्या लालबाग-परळविषयी आपण बोलणार आहोत, तेथल्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धाग्याची कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नसे. या खात्यात पगार जास्त, म्हणून नुकसानही मोठे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला.

अशी आठवण ज्या समाजाच्या पाठीशी आहे, त्या समाजातल्या बाईने प्रेमाने पुढे केलेली खिरीची वाटी पाहुण्याने बाजूला सारली, तर तिच्या मनात काय येईल? आणि तिला वाईट वाटू नये म्हणून पाहुणा ती खीर निमूट खातो, आणि रात्रभर मोरीच्या फेऱ्या मारतो. हे आपल्या घराघरांत होते. म्हणून पहिली गोष्ट नीट ध्यानात घेऊ. जातीचे ‘चालत नाही’ माणसाला नाकारते. पोटाचे ‘चालत नाही’ फक्त पदार्थाला नाकारते. दोन्हींना एकच शब्द असला, तरी त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

हा कुणाचा दोष नव्हे

दुधाचेच घ्या. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे पाचकद्रव्य लागते. तान्हेपणी ते भरपूर असते, पुढे बहुतेकांत ते कमी होत जाते. जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढ माणसांची स्थिती अशीच आहे. म्हणजे दूध न पचणे हीच जगातली सर्वसाधारण गोष्ट झाली. पचेल तो थोड्यांपैकी. अशा माणसांनाही थोडे दूध बहुधा सोसते. पेलाभर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असते, आणि एवढे जेवणासोबत घेतले तर पुष्कळांना त्रास होत नाही. दह्यात विरजणाचे जंतू ही साखर काही अंशी खाऊन टाकतात, म्हणून दही-ताक दुधापेक्षा बरे सोसते. तुपात तर ती जवळजवळ नसतेच. खवा, बासुंदी, पेढा यांत मात्र दूध आटवलेले असते. त्रास तेथे होतो.

गव्हाचे प्रकरण वेगळे. सिलियाक नावाच्या विकारात गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याच्या अस्तरालाच इजा होते. जगात शंभरातील सुमारे एका माणसाला तो असतो. येथे थोडासा गहूदेखील चालत नाही. पण चपाती खाऊन पोट फुगणाऱ्या प्रत्येकाला सिलियाक असतो असे नाही. म्हणून आधी डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्यावी. मनानेच गहू सोडला आणि मग तपासणी केली, तर विकार असूनही तो दिसत नाही. तेव्हा तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नये.

तिसरी ॲलर्जी. खाल्ल्याबरोबर ओठ-जीभ सुजणे, अंगावर गांधी येणे, श्वास अडणे ही तिची लक्षणे. ही पोटाची कुरबुर नव्हे, यात जिवाला धोका असतो. श्वास अडू लागला तर घरगुती उपाय करीत बसू नये, सरळ रुग्णालय गाठावे.

आणखी एक. मधुमेहावर मेटफॉर्मिनची गोळी सुरू झालेल्या पुष्कळांचे पोट त्या गोळीनेच ढिले होते, आणि दोष मात्र दुधाला किंवा चपातीला जातो. अशा वेळी गोळी आपणहून न थांबवता डॉक्टरांना सांगावे. वजन उतरत असेल, शौचावाटे रक्त जात असेल, रक्त कमी झाले असेल किंवा रात्री पोट बिघडून झोपमोड होत असेल, तर पथ्यावर भागवू नये. तपासणीच करावी.

गिरगाव

चर्नी रोडला उतरून पूर्वेकडे गेले की गिरगाव लागते. आपल्या विषयाच्या दृष्टीने या वस्तीला एक इतिहास आहे. १९४७ च्या सुमारास बाबासाहेबांचा मधुमेह बळावला होता. पाय दुखत, झोप लागत नसे, इन्शुलिन घ्यावे लागे. उपचारासाठी ते मुंबईला आले, ते डॉ. मालवणकर यांच्याकडे. त्यांचा दवाखाना गिरगावात होता. तेथेच डॉ. शारदा कबीर काम करीत. १५ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांशी त्यांचा विवाह झाला आणि त्या सविता आंबेडकर, आपल्या माईसाहेब झाल्या. पुढे बाबासाहेबांचे पथ्यपाणी त्यांनी सांभाळले. वयाची छप्पन वर्षे उलटलेली, देशाच्या घटनेचे काम डोक्यावर, दिल्ली-मुंबईचा प्रवास चाललेला, अशा माणसानेही पथ्य पाळले. मग आपल्याला पथ्याची लाज कशाला?

गिरगावची ओळख मिसळ, पियुष आणि उपवासाच्या पदार्थांची. पणशीकर, ठाकूरद्वारचे विनय हेल्थ होम ही येथली जुनी नावे. दूध न सोसणाऱ्याने पियुषाचा मोह टाळावा, कारण श्रीखंड आणि ताक एकत्र करून ते केलेले असते. मिसळीत गहू असतो तो पावात. पण वर टाकलेल्या फरसाणातही मैद्याचे काही असू शकते, तेवढे विचारून घ्यावे. ज्यांचे आतडे हळवे आहे, त्यांना मोडाची मटकी आणि कच्चा कांदा यांनीच गॅस धरतो, त्यांनी दुसरे काही मागवावे.

गंमत अशी की, आपण उपवास करीत नसलो तरी फलकावरचा ‘उपवासाचे पदार्थ’ हा रकाना गहू न सोसणाऱ्याच्या फार उपयोगाचा आहे. साबुदाणा, वरी, राजगिरा, बटाटा, रताळे यांत गहू नसतो. साबुदाणा वडा कोणत्या कढईत तळतात, एवढे विचारावे. पुरीच्याच तेलात तळत असतील, तर सिलियाकवाल्याने तो घेऊ नये. शेंगदाणा सोसत नसेल, तर साबुदाण्याची खिचडी वर्ज्यच. मधुमेह असेल, तर साबुदाणा बेताने खावा, तो निव्वळ पिष्ट आहे.

खोताच्या वाडीतला अनंताश्रम मासळीच्या जेवणासाठी नावाजलेला होता. तो आता बंद झाला. वाडीतल्या जुन्या लाकडी घरांवरून चक्कर मारायला मात्र हरकत नाही. पोट हलके असले की पायही चालतात.

लालबाग

करी रोड किंवा चिंचपोकळीला उतरले की लालबाग जवळच. मसाल्याच्या गल्लीत शिरताच नाकात खाट जाते. बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी अशा मिरच्यांचे ढीग, धणे, दगडफूल, तमालपत्र. उन्हाळ्यात बायका यादी घेऊन येतात. अख्खा मसाला निवडून घेतात, भाजून घेतात आणि कांडपाच्या यंत्रासमोर उभ्या राहून कुटून घेतात. आपल्या मसाल्यात काय पडले, हे त्यांना डोळ्यांनी दिसते. पोट सांभाळणाऱ्याने शिकावे ते हेच. काय पडले ते माहीत असले, की अर्धी काळजी मिटते.

एक छुपी गोष्ट हिंगाची. बाजारात मिळणारा बांधणीचा हिंग पुष्कळदा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात बांधलेला असतो. वरण, भाजी, बटाटावडा, सेव, साऱ्यांत तो पडतो. सिलियाकवाल्याने डबीवरचे लेबल वाचूनच हिंग घ्यावा. पाकिटातील खाद्यपदार्थात ग्लुटेनचे धान्य, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन यांपैकी काही असेल, तर तसे पाकिटावर छापण्याचे बंधन आता कायद्याने आहे. चष्मा लावून ती बारीक ओळ वाचावी.

लालबागच्या चिवडा गल्लीतला पोह्यांचा चिवडा गावी नेण्याजोगा. पोहे भाताचे, त्यामुळे गहूवाल्यांना तो सोयीचा, मात्र शेंगदाणावाल्यांना नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर रस्त्यावरच्या लाडू सम्राटकडे लाडू घेताना तो नुसत्या बेसनाचा आहे, की त्यात रवा आहे, हे विचारावे. रवा म्हणजे गहूच. ही साधी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

परळ

परळला माणूस बहुधा हौसेने येत नाही. येथे १९२६ सालचे केईएम आहे, १९४१ सालचे टाटा कॅन्सर रुग्णालय आहे, लहान मुलांचे वाडिया आहे. रुग्णासोबत आलेला नातलग पन्नाशीचा असतो, आठ-आठ दिवस वडापाव आणि चहावर काढतो, आणि स्वतःच आजारी पडतो. त्याने हे जपावे. दूध सोसत नसेल, तर चहावाल्याला कोरा चहा मागावा. आपल्या आया-आज्या दूध परवडत नव्हते म्हणून कोरा चहा प्यायच्या. आज तो पोटासाठी प्यावा, त्यात कमीपणा नाही. कटिंगमध्ये दूध थोडेच असते, एखादा कटिंग बहुतेकांना सोसतो. मात्र दिवसाकाठी सहा झाले तर हिशेब वाढतो. केळी, उकडलेली अंडी, भात-वरण, इडली हे पदार्थ साधे आणि बहुतेकांना मानवणारे. गव्हाचा कडक त्रास असणाऱ्याने सांबारातला हिंग मात्र विसरू नये.

या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब कित्येक वर्षे राहिले. आसपासच्या गिरणगावात घरोघरी खानावळी चालत. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार महिन्याच्या बोलीवर बायकांकडे जेवत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या गेल्या, तसा हा आधारही गेला. अशा खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते. घरगुती खानावळीचा मोठा गुण म्हणजे रांधणारी समोर असते, तिला विचारता येते. आजही परळमध्ये जास्त दिवस राहायचे असेल, तर मोठ्या हॉटेलापेक्षा घरगुती डबा लावावा, आणि पहिल्याच दिवशी काय चालते, काय चालत नाही, ते कागदावर लिहून द्यावे.

दादर

दादर स्टेशनाच्या पश्चिमेला मराठी खाण्याची रेलचेल. प्रकाशमधला साबुदाणा वडा, आस्वादमधली मिसळ, शिवाय मालवणी जेवणाची ठिकाणे. येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी-बाजरीसोबत गहूही असतो. दोन, तळलेली मासळी पुष्कळदा रव्यात घोळवलेली असते. तांदळाच्या पिठात घोळवून द्या असे सांगावे, नाहीतर कालवण-भात घ्यावा. कालवणात पिठाचे काही नाही ना, ते विचारून घ्यावे. तीन, कोळंबीची ॲलर्जी असेल, तर सुरमईचा तुकडाही त्याच तव्यावर आणि त्याच तेलात झालेला असू शकतो. तेव्हा नुसती कोळंबी टाळून भागत नाही. सोलकढीला मात्र दूधवाल्यांनी भिऊ नये. ते नारळाचे दूध, त्यात लॅक्टोज नाही.

तांदळाची, ज्वारीची, बाजरीची, नाचणीची भाकरी ही गहू न सोसणाऱ्याची खरी सोबतीण. गरिबाचे म्हणून ज्या धान्याला एके काळी नाक मुरडले गेले, तेच धान्य आज डॉक्टर लिहून देतात. हॉटेलात भाकरी मागताना पिठात गहू मिसळलेला नाही ना, तेवढे विचारावे. घरीदेखील गिरणीत गव्हावर ज्वारी दळली, तर गहू मिसळतोच.

६ डिसेंबरला

चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो माणसांसाठी शिवाजी पार्क परिसरात कितीतरी संस्था आणि कार्यकर्ते अन्नदान करतात. पुरी-भाजी, पुलाव, बिस्किटे, केळी, पाणी. ज्या समाजाला पाणी मिळत नव्हते, त्या समाजाची माणसे एकमेकांना असे वाढतात, हे पाहून ऊर भरून येतो. पण पोटाला ते कळत नाही. तेव्हा रांगेत उभे राहताना नम्रपणे सांगावे, “दादा, मला पुरी नको, नुसता भात द्या.” वाढणाऱ्याला वाईट वाटत नाही, उलट वाचलेली पुरी दुसऱ्याला मिळते. आपल्याजवळ दोन दिवस टिकेल असे काही ठेवावे. ज्वारीच्या कडक भाकऱ्या, भाजके फुटाणे, मुरमुरे, गूळ. पाण्याची बाटली भरलेली असावी, आणि पोट बिघडलेच तर साखर-मीठ-पाण्याची पुडी जवळ असावी. गर्दीत चुकामूक होते, म्हणून ॲलर्जी कशाची आहे हे मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी.

वाढणाऱ्या कार्यकर्त्यांनाही एक सूचना. पातेल्याजवळ एक पुठ्ठा लावा आणि त्यावर लिहा, ‘यात शेंगदाणे आहेत’, ‘यात दूध आहे’, ‘यात गहू आहे’. खडूचे दोन शब्द पुरतात.

पाहुणा आणि यजमान

आता घरच्या भेटीविषयी. पाहुण्याने निघण्याआधीच फोनवर सांगावे, “वहिनी, अलीकडे मला दूध सोसत नाही, डॉक्टरांनी बंद केलंय. तुमच्या हातची भाजी-भाकरी मात्र पोटभर खाणार.” आधी सांगितले की ताटापुढचा पेच टळतो. आणि नको म्हणताना लगेच दुसरे काही मागून घ्यावे. मागून घेतलेल्या घासाने यजमानाचे मन राहते.

यजमानाने “एका घासाने काय होतंय?” हा आग्रह सोडावा. एका घासाने काही जणांचे खरोखर होते. त्याऐवजी विचारावे, “तुम्हाला काय चालतं?” नाकारण्यासाठी वापरला गेलेला हा शब्द आपण विचारपूस करण्यासाठी वापरावा.

आणि घरातल्या बाईविषयी. ती सर्वांच्या मागून जेवते, उरलेले संपवते. तिचे पोट दुखते तेव्हा ती ओवा चघळते आणि कामाला लागते. चाळिशीनंतर तिला काय सोसते आणि काय नाही, हे कुणी विचारलेले नसते. मुंबईच्या प्रवासाला निघताना नवऱ्याच्या गोळ्या तीच भरते. या खेपेला घरच्यांनी तिला जवळ बसवून विचारावे, आणि तिच्या पथ्याचा डबा आधी भरावा. १९०१ साली त्या मुलांच्या हाती डबा होता, पण पाणी देणारा हात नव्हता. आज डबाही आपला आहे आणि हातही आपलेच आहेत.

जयभीम.